सरकारदरबारी मी तुझी विधवा

अगं, ऐकलंस का?

मागच्या पंधरवड्यात पोस्टमन एक लांबट खाकी पाकीट देऊन गेला. वर टाइप केलेलं नाव होतं, श्रीमती मनोहर विनायक फणसे. म्हटलं, टाइपिस्टला डुलकी लागली असेल. चष्मा लावून पाकीट फोडलं तर आतही तेच. तुझ्या खात्यानं कळवलं होतं की, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर कै. कुसुम मनोहर फणसे यांच्या निधनाची नोंद घेतली आहे; दिवंगत कर्मचाऱ्याची विधवा या नात्याने आपण कुटुंब-पेन्शनला पात्र आहात; सोबतचा फॉर्म पूर्ण भरून सादर करावा.

विधवा या नात्याने! मी! सहासष्ट वर्षांचा, मिशा राखलेला, तेवीस वर्षं सरकारच्या पेन्शन सेक्शनात घासून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला माणूस!

तुला जाऊन तेव्हा महिना झाला होता. त्या महिन्यात मी हसलो नव्हतो. त्या दुपारी हसलो. एकटाच, खुर्चीत बसून, पोट धरून. खालच्या मजल्यावरून सावंत चपला न घालता धावत वर आला. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होता तो, यंत्रांच्या गोंगाटातही वेगळा आवाज ऐकणारा. "काय झाला रे?" म्हणत त्यानं माझा खांदा धरला, तेव्हा कळलं की हसणं कधीच थांबलंय आणि मी रडतोय. त्यानं पत्र घेतलं, दोनदा वाचलं आणि म्हणाला, "वैनीन जाताजाता पण तुका सोडूक नाय."

खरं सांगू? 'विधवा' हा शब्द मी पचवला असता. मला धक्का बसला तो 'पात्र आहात' याचा. मी पात्र असायलाच नको होतो. तुझ्या मागे तुझ्या पेन्शनमधलं काही राहू नये, हे आपण ठरवलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. तुझा फॉर्म मी माझ्या हातानं भरून दिला होता आणि त्यावर स्वच्छ अक्षरात 'नको' लिहिलं होतं.

आठवतो ना बारा वर्षांपूर्वीचा तो रविवार? ह्याच आपल्या अंधेरीच्या दोन खोल्या. खिडक्यांच्या काचांना लढाईतल्या ब्लॅकआउटचा काळा कागद अजून तसाच होता, कारण तो खरवडायचं काम माझ्याकडे होतं. सरकारनं नवी योजना काढली होती. रिटायर होताना नोकरानं ग्रॅच्युइटीतले दोन पगारांइतके पैसे सोडायचे, की तो गेल्यावर मागे राहिलेल्या जोडीदाराला जन्मभर दरमहा पेन्शन. हवी असेल त्यानं 'हवी' लिहावं, नको असेल त्यानं 'नको'. एकदा लिहिलं की बदल नाही. त्यामुळे त्या दिवसांत सरकारी नोकरांच्या घरोघरी एकच विषय, आधी कोण जाणार! लोक ताटावर बसून वरणभात कालवता कालवता आपापल्या मरणाचे अंदाज बांधत होते. इतरांच्या घरात एक नोकरी, एक फॉर्म. आपल्याकडे नोकऱ्या दोन, पेन्शनं दोन, फॉर्म दोन, आणि तज्ज्ञ एक. तो मी.

मी दोन्ही फॉर्म टेबलावर मांडले आणि तुला समजावून सांगायला बसलो. तू खाली पाटावर बसून कोलंबी सोलत होतीस. मी म्हटलं, हे बघ, मी तुझ्याहून सात वर्षांनी मोठा. मला दमा. दिवसाला दहा सिगरेटी. आमच्या घराण्यातले पुरुष साठी बघत नाहीत. म्हणजे मी आधी जाणार. म्हणून माझ्या फॉर्मवर 'हवी'. तू मागाहून जाणार, तेव्हा तुझ्यामागे घ्यायला कोणी उरणार नाही. म्हणून तुझ्या फॉर्मवर 'नको'. तुझे दोन पगार वाचले. झकास!

"आणि मी आधी गेले तर?" तू मान वर न करता विचारलंस.

"बायका आधी जात नाहीत."

"हे कुठल्या नियमात आहे?"

"नियमात नाही, अनुभव आहे. माझ्या टेबलासमोर रोज विधवा येतात. विधुर आजवर एक आला नाही."

"येईल कसा? बायकांना पेन्शनची नोकरी असते कुठे?"

तिथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण मी पेन्शन सेक्शनातला. मी म्हटलं, बरं, समजा तू आधी गेलीस. तरी उपयोग नाही. मला माझं पेन्शन असणार. स्वतःचं पेन्शन असलेल्या माणसाला दुसऱ्याचं मिळत नसतं.

"कुठे लिहिलंय?"

"लिहायला कशाला हवं? सरकार एका माणसाला दोन दोन पेन्शनं देईल का?"

तेव्हा तू कोलंबी खाली ठेवलीस. "तुमचं मला मिळणार म्हणताय. मलाही माझं असणारच की. मग मला कसं मिळणार?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"तू बाई आहेस."

अगं, मी आयुष्यात खूप मूर्खासारखं बोललो असेन, पण सरकारी फॉर्म हातात धरून एवढं मूर्खासारखं कधीच नाही. तू उठलीस. हाताला कोलंबीचा वास, पदर खोचलेला. म्हणालीस, "म्हणजे तुमची नोकरी मागे काहीतरी ठेवून जाणार, आणि माझी माझ्याबरोबर सरणावर जाणार. वीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसले, ती काय हौस म्हणून? मी आधी गेले तर तुम्ही काय कराल ते सांगा. नंदाच्या घरी जाऊन राहाल. आणि जावयाकडे चहा मागायला लाजाल. चहाच्या तलफेत दिवस दिवस भिंतीकडे बघत बसाल. मला दिसतंय."

नंदा तेव्हा मॅट्रिकला होती. जावई कुठल्या गावात होता देव जाणे. तुला मात्र तेव्हाच मी त्याच्या घरी भिंतीकडे बघताना दिसत होतो. मी म्हटलं, वेळ येईल तेव्हा बघू. "तीन मिनिटं झाली," तू म्हणालीस आणि कोलंबी घेऊन आत गेलीस.

तुझं हे 'तीन मिनिटं झाली' म्हणजे आपल्या घरातला शेवटचा शब्द. ट्रंककॉलवर लोक बोलत असले की तू मध्ये येऊन सांगायचीस, तीन मिनिटं झाली, वाढवू का? कलकत्त्याचा शेठ असो की कोर्टातला वकील, तुझ्या त्या आवाजापुढे सगळे सुतासारखे सरळ. घरात मात्र 'वाढवू का' तू विचारायची नाहीस. भांडण नुसतं कट व्हायचं. पुढे आठ दिवस तू माझ्याशी फक्त मीठमिरचीपुरतं बोललीस. नवव्या दिवशी मी भरलेला फॉर्म तुझ्या पर्समध्ये घातला, ऑफिसात देऊन टाक म्हणून. तू पर्स बंद केलीस. मी समजलो, जिंकलो.

आता कळलं. मी भरलेला फॉर्म तू पर्समधून कुठे टाकलास ते तुलाच ठाऊक. तू नवा फॉर्म घेतलास, त्यावर 'हवी' लिहिलंस. आणि त्याआधी तुझ्या ऑफिसातून त्या योजनेचं सर्क्युलर मागून घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलंस. मी वाचलं नव्हतं, गं! आता कुठे वाचलं, तुझ्या कपाटात सापडलं तेव्हा. सावंताच्या बाजेवर बसून. नवरा-बायको दोघं नोकरीत असतील तर एकाच्या मागे दुसऱ्याला, स्वतःचं पेन्शन असलं तरी, मिळतं. साध्या भाषेत लिहिलंय. पोरालाही कळेल. ज्यानं तेवीस वर्षं इतरांना पेन्शनचे नियम समजावून सांगितले, त्याला तेवढं कळलं नाही.

आता विधवेचं. तो फॉर्म पुरुषांसाठीच छापलेला होता. रकाना होता 'कर्मचाऱ्याच्या पत्नीचे नाव'. तुमच्या एक्स्चेंजातल्या बाकीच्या बायकांनी 'पत्नी' खोडून 'पती' लिहिलं असणार. तू खोडलं नाहीस. का नाही खोडलंस, ते मला काल उमगलं आणि मी कपाळावर हात मारला. सरकारी कागदावर खाडाखोड करायची नाही, हे ह्या घरात कोण ओरडत होतं? रेशनकार्डाच्या अर्जावर तू तारीख खोडून दुसरी घातलीस, तेव्हा मी अर्धा तास भाषण दिलं होतं. खोडलेला कागद परत येतो, खोडलेल्या कागदाला संशयाचा वास येतो, आमच्या सेक्शनात मी खोडलेला कागद हातातही घेत नाही, असं बरंच काही. तू ते ऐकलंस. अगदी मनावर घेतलंस. छापील 'पत्नी'ला हात लावला नाहीस, समोर गुपचूप माझं नाव लिहिलंस. माझ्याच शिकवणीनं मी तुझी बायको झालो.

आणि मला कळायला किती वाव होता! तू रिटायर झालीस तेव्हा ग्रॅच्युइटी कमी आली. मी विचारलं, तर म्हणालीस, "तुमची आली तेव्हा मी विचारलं होतं?" मग म्हणालीस, स्टेशनसमोरच्या स्टुडिओत जाऊन दोघांचा एक फोटो काढू, नंदाला हवाय. मी कोट चढवून तुझ्या शेजारी बसलो. दोघांचा एकत्र फोटो कुठे लागतो? पेन्शनच्या कागदांना! असे शेकडो फोटो मी माझ्या हातानं फायलीत चिकटवलेत. फोटोवाला मला म्हणाला, "साहेब, जरा हसा." तर तू त्याला म्हणालीस, "नको हो, हसले तर सरकार ओळखणार नाही." मी त्या विनोदावर हसलो! बाहेर येऊन आपण उसाचा रस प्यायलो. 'सरकार' कुठून आलं मध्येच, हा प्रश्न मला पडला नाही. तू ग्लासामागून माझ्याकडे बघून हसत होतीस, ते मला आता दिसतंय.

बरं, माझ्या 'हवी'चं काय झालं? माझे दोन पगार सरकारनं कापून घेतले, तुझ्यासाठी. ते फुकट गेले. दम्यानं मला नेलं नाही, सिगरेटींनी नेलं नाही. तुला मात्र साध्या तापानं चार दिवसांत उचललं. ज्याच्या भरवशावर मी दोन्ही फॉर्म भरले, ते माझं मरण ऐन वेळी आलंच नाही. ह्या गोष्टीचा मला राग आहे. कोणावर, ते मला माहीत नाही. तुझ्यावरही आहे थोडा.

पण आता खरी अडचण ऐक. नंदाच्या लग्नाच्या वेळी मी पेन्शनचा एक हिस्सा एकरकमी पैसे घेऊन सरकारला विकला, ते तुला ठाऊकच आहे. उरलेल्या पेन्शनात भाडं, डॉक्टर आणि पोट ही तिन्ही एकाच महिन्यात बसत नाहीत. तू होतीस तोवर तुझ्या पेन्शनच्या जोरावर मी मोठा कर्ता म्हणून मिरवत होतो. हे नंदाला कळलंय. ती मुलुंडहून दर रविवारी येते आणि तेच बोलते. "बाबा, आता इकडेच चला ना. पुढच्या खोलीत पलंग पण टाकलाय." जावईबापू भला माणूस. पण माझ्याशी बोलताना आवाज इतका हळू करतो, जणू मी इस्पितळातच आहे. मागच्या रविवारी मला तिथे जेवायला नेलं होतं. जेवून मी दुपारभर बसलो. चार वाजले, साडेचार वाजले. मी चहा मागितला नाही. भिंतीकडे बघत बसलो. भिंतीवर कॅलेंडर होतं. ते मी सगळं वाचलं. आणि एकदम तुझी आठवण आली, अशी आली की उठून बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

म्हणजे बघ, तुझं पेन्शन मिळालं तर मी ह्या खोल्यांत राहतो, नाहीतर ही जागा सोडून मुलुंडच्या पलंगावर. नंदानं महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. एवढं असून मी फॉर्म भरीना. आठ दिवस तो टेबलावर, पेपरवेटखाली. मी! लोकांचे हजारो फॉर्म तपासलेला! कारण सांगतो. चौथा रकाना. 'कर्मचाऱ्याच्या मृत्यूची तारीख'. पेन हातात घ्यायचो, तिथपर्यंत यायचो आणि उठून गॅलरीत जायचो.

तेव्हा मला ती बाई आठवली. माझ्या टेबलावर तीनदा आलेली, पांढऱ्या कपाळाची, हातात पिशवी. तिन्ही वेळा मी तिचा फॉर्म परत केला होता, एकच रकाना कोरा म्हणून. घरी येऊन मी तुला तो किस्सा सांगितला, लोक कसे अडाणी असतात म्हणून. तू म्हणालीस, "तिचा नवरा गेलाय आणि तुम्हाला रकाना दिसतो." मी म्हटलं, कोरा होता म्हणून दिसला. तो वाद तेव्हा अर्धाच राहिला, तीन मिनिटं झाली होती. आज लेखी देतो, मी हरलो. तो रकाना तिनं विसरून कोरा ठेवला नव्हता, हे मला कळायला तुला जावं लागलं.

त्यात आणखी एक भानगड. फॉर्मसोबत एक दाखला जोडायचा. अर्जदारानं पुनर्विवाह केलेला नाही, असा. आणि तो खरा असल्याबद्दल परिसरातल्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींची सही. पहिली प्रतिष्ठित व्यक्ती कोण, सावंत. त्याला दाखला वाचून दाखवला. तो इतका हसला की त्याची कवळी निसटली. "अरे मेल्या, ह्या वयात तुका कोण चेडू देतलो? ह्याचो दाखलो कित्याक होयो? तुझो फोटो लाव म्हणा, पुरे!" मग गंभीर झाला, दोन्ही हातांनी डोळे पुसले आणि म्हणाला, "सही खंय करूची?"

दुसऱ्या सहीसाठी मी कुणाला शोधायला जाण्याआधी वेसाव्याची पारूबाय मासळीची पाटी घेऊन जिन्यात आली. महिनाभर ती आपल्या दारावरून न ओरडता खाली जात होती. त्या दिवशी बसली. "कुसुमबाय गेल्यापासून तुमशे दारात ओरडायला जीव व्हत नाय," म्हणाली. आणि मग सांगितलं, जे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. तिच्या नवऱ्याची होडी तीन दिवस परत आली नव्हती, तेव्हा तू एक्स्चेंजातून एकेका बंदरावर फोन लावून लावून त्याचा पत्ता काढला होतास. तिला समोर स्टुलावर बसवून. ती म्हणाली, "मना सही येत नाय दादा. आंगठा चालल?"

अंगठा! प्रतिष्ठित व्यक्तीचा! माझ्या सेक्शनात असा कागद आला असता तर मी तो चिमटीत धरून परत फेकला असता. मी तिचा अंगठा शाईत बुडवला. मासळीचा वास लागलेला तो अंगठा दाखल्यावर उमटला. एवढा खरा दाखला आमच्या सेक्शनात कधी आला नसेल.

काल मी सगळे कागद घेऊन तुझ्या पेन्शनच्या ऑफिसात गेलो. काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी होती, नंदापेक्षा लहान. तिनं फाईल उघडली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फाईलकडे बघितलं.

"आजोबा, हे विधवेच्या नावावर आहे. त्यांना आणलंत का?"

"आणलंय."

"कुठे आहेत?"

"तुझ्यासमोर. मीच ती."

रांगेत मागे उभे असलेले सगळे खो खो हसले. मी पण हसलो. मुलगी बिचारी लाल झाली. मग तिनं तुझा मूळ फॉर्म बाहेर काढला आणि माझ्यासमोर ठेवला, बघा काय झालंय ते म्हणून.

अगं, तिथे तुझं अक्षर होतं. निळ्या शाईतलं, किंचित उजवीकडे कललेलं. 'पत्नीचे नाव' ह्या रकान्यासमोर माझं अख्खं नाव. मनोहर विनायक फणसे.

लग्नात उखाणा घेतलास तेव्हा एकदा, आणि नंतर पस्तीस वर्षांत तू माझं नाव घेतलं नाहीस. दिवसभर हजार माणसांची नावं टेलिफोनवर घेणारी तू, माझ्या ऑफिसात फोन लावलास की फक्त विचारायचीस, "ते आहेत का?" ऑफिसात माझं नावच पडलं होतं, 'ते'. "फणसे, तुमच्या 'ते आहेत का'चा फोन!" मी चिडायचो, म्हणायचो, नाव सांगायला काय जातं तुझं? तू म्हणायचीस, योग्य ठिकाणी घेते. मला वाटायचं, देवळात वगैरे घेत असशील.

मुलगी म्हणाली, "साधं आहे आजोबा. ही ओळ रद्द करू. एक रेघ मारा, बाजूला सही करा आणि खाली नवीन ओळ लिहा."

मी म्हटलं, "रेघ मारणार नाही."

"अहो, एका रेघेचं काम आहे!"

"बाई, मी तेवीस वर्षं पेन्शन सेक्शनात काढलीत. सरकारी कागदावर खाडाखोड करायची नसते. मी स्वतंत्र अर्ज देतो, तो मागे जोड."

आणि तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला. खाली सही करणार असा अर्ज करतो की, वर उल्लेखिलेली पत्नी ही वस्तुतः पती आहे. मुलीनं तो वाचला, ओठ दाबले, शिक्का मारला. तुझ्या अक्षराला कोणी हात लावला नाही. मग मी फॉर्म पुढे ओढला आणि चौथ्या रकान्यात तारीख घातली. उभ्यानं, एका दमात. कुठे खोडावं लागलं नाही.

पावती देताना ती म्हणाली, "आजोबा, पुढच्या महिन्यापासून चालू होईल. पण तो लग्न न केल्याचा दाखला दर सहा महिन्यांनी द्यावा लागेल बरं का." तिला वाटलं, मी कुरकुर करीन. मी तिला विचारलं, वर्षातून दोनदाच का?

घरी येताना नंदाला फोन करून सांगितलं, पलंग काढून टाक. ती रडली आणि मग तुझ्या आवाजात म्हणाली, "चहा कोण करणार?" मी म्हटलं, मी करीन. आज केला. आलं जास्त पडलं. प्यायलो.

तर आता तुझा तो प्रश्न. मी आधी गेले तर तुम्ही काय कराल? उत्तर द्यायला बारा वर्षं उशीर झाला. तीन मिनिटं कधीच होऊन गेलीत, आणि सांगायला तू नाहीस म्हणून मी बोलतोच आहे. एवढं ऐक आणि मग कट कर. मी इथेच राहीन, तुझ्या पेन्शनवर. खिडकीच्या वरच्या काचेला काळ्या कागदाची एक चिंधी अजून चिकटलेली आहे, ती खरवडीन. पारूबायकडून कोलंबी घेईन आणि सोलायला शिकेन. आणि वर्षातून दोनदा सावंताची सही आणि पारूबायचा अंगठा घेऊन सरकारला लिहून देईन की मी दुसरं लग्न केलेलं नाही, मी अजून तुझाच आहे, कुसुम.